तिकडचं दार

सोफ्याच्या मागे दार असलेलं घर तुम्ही पाहिलं नसेल. आमच्याकडे होतं. बैठकीच्या खोलीत सोफा, सोफ्याच्या मागे भिंतीला टेकवून उभं केलेलं एक जुनं लाकडी दार आणि दाराच्या मागे नुसती भिंत. ते उघडून कुठेही जाता येत नसे. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते माळ्यावर टाकायची सूचना केली होती. त्यानंतर घरात जी शांतता पसरली, तिची आठवण ती अजूनही काढते.

कारण ते साधं दार नव्हतं. ते तिकडचं होतं.

आमचे आजोबा बायको, दोन मुलं आणि दोरखंडानं आवळलेलं सामान घेऊन समुद्र ओलांडून इकडे आले. तिकडचं घर विकलं, माणसं पांगली, पत्ते हरवले. उरलं ते हे दार. आजोबा मितभाषी होते. दाराबद्दल ते आयुष्यात एकच वाक्य बोलले, "आपल्या घरचं दार आहे, जपून ठेवा." बाकीची सगळी वाक्यं गेल्या सत्तर वर्षांत आम्ही आमच्या पदरची घातली.

दार बुटकं होतं. "आत शिरताना माणसानं मान लववावी, म्हणून मुद्दाम उंची कमी ठेवायचे," असं बाबा पाहुण्यांना सांगत. दार अरुंद होतं. "तिकडची माणसं काटक. आपल्यासारखी सुटलेली नव्हती." दाराला कडी होती, पण ती फक्त आतल्या बाजूनं, बाहेरून कुलूप घालायची काही सोयच नव्हती. "कुलूप कशाला लागतंय? घर कधी रिकामंच नसायचं. आणि चोरी म्हणजे काय, हे तिकडे कुणाला माहीत नव्हतं." पाहुणे माना डोलवत, चहा संपवत आणि जाताना दाराला हलकासा हात लावून जात. एका पाहुण्यानं तर नमस्कार केला होता. मी स्वतः त्या दाराजवळ उभा राहून दहावीच्या निकालाचा फोटो काढून घेतला आहे. गुण फोटोत दिसत नाहीत, दार दिसतं.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय पंच्याऐंशी, आवाज पंचविशीतला. लग्न होऊन ती भलत्याच देशात गेली आणि तिकडचीच झाली. म्हणजे त्या तिकडचीच. आपल्या तिकडची नव्हे. इतक्या वर्षांत ती इकडे दोनदाच आली. एकदा दार आजोबांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर होतं, आणि दुसऱ्यांदा घराला रंग चालला होता म्हणून त्याच्यावर जुन्या चादरी टाकलेल्या होत्या. आता ती म्हणत होती, "यायचं तर आत्ताच. पुढच्या वर्षी गुडघे परवानगी देतील असं दिसत नाही. वीस तारखेला येते."

बाबांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "दार बसवायचं."

"कुठे?"

"दार कुठे बसवतात? दाराच्या जागी. ताई त्या दारातून आत आली पाहिजे."

मी अनेक अडचणी सांगितल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आम्हाला चांगलं मुख्य दार आहे, त्याला तीन कुलपं आहेत, आणि मुख्य म्हणजे मला हे जमणार नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला गॅलरीत बोलावलं. माझे बाबा मला गॅलरीत दोनदाच घेऊन गेले आहेत. पहिल्यांदा नोकरी सोडू नकोस हे सांगायला, आणि आता.

"तुला म्हणून सांगतो," ते खाली बघत म्हणाले, "मला तिकडचं काहीच आठवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. घर नाही, अंगण नाही. पाच वर्षांचा होतो मी. लोकांना जे सांगतो ते सगळं ऐकीव. थोडं माझ्या मनाचं. ताईला सगळं आठवतं. ती बोलायला लागली की मी नुसता ‘हो ना, हो ना’ करतो." थोडा वेळ ते कुंडीतली वाळलेली पानं काढत राहिले. "म्हटलं, ते दार एकदा उभं राहिलं, त्यातून आत पाऊल टाकलं, तर डोक्यात एखादी तरी गोष्ट हलेल. जास्त नको. एक पुरे."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एक आठवण मागतो आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? माझा गळा भरून आला आणि मी हो म्हणालो. गळा भरून आला असताना माणसानं कशालाच हो म्हणू नये, हे मी माझ्या मुलांना नीट समजावून सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत असतानाच समोरच्या घरातले इंजिनिअर टेप घेऊन हजर झाले. त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. हे गृहस्थ निवृत्त आहेत. आयुष्यभर पूल बांधले असं ते सांगतात; कुठले, ते मात्र सांगत नाहीत, आणि ते एका अर्थी बरंच आहे. त्यांनी सोफा पुढे ओढायला लावला, दार मापलं, चौकट मापली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दार सव्वादोन फूट. चौकट साडेतीन फूट."

"मग?"

"सव्वा फूट हवा."

"म्हणजे हवा येईल?"

"म्हणजे सव्वा फूट कमी पडतंय! आता यावर दोन उपाय. दार मोठं करा, किंवा भिंत लहान करा."

गोष्टीतला उंटावरचा शहाणा आत यावा म्हणून लोकांनी वेशीची भिंत पाडली होती. आमचे शहाणे उंटाशिवाय आले होते, एवढाच काय तो फरक. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, न्हाणीघराला लावा की. माप बरोबर बसेल." बाबा दोन तास तिच्याशी बोलले नाहीत.

शेवटी सुतार बोलावला. हा सुतार टेप वापरत नाही. एक डोळा मिटतो, बघतो आणि आकडा सांगतो. कानावर पेन्सिल असते, पण ती कधी खाली उतरलेली कुणी पाहिली नाही. त्यानं दारावरून तळवा फिरवला, कडी वर-खाली करून पाहिली, मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"हे कुठलं म्हणालात?"

"आमच्या तिकडच्या घरचं," बाबा ताठ होत म्हणाले. "मुख्य दार."

"मुख्य?"

"मुख्य."

सुतारानं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग पुन्हा कडीकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. पंचवीस वर्षं कचेरीत काढून मी ‘बरं’चे सगळे प्रकार ओळखतो असा माझा समज होता. हा त्यातला नव्हता.

त्यानं तोड मात्र छान काढली. आहे त्या चौकटीत आणखी एक लहान चौकट बसवायची, उरलेल्या जागेत फळ्या ठोकायच्या आणि त्या लहान चौकटीत आमचं दार. आत्या गेली की सगळं काढून टाकायचं. सोपं काम. तीन दिवसांचं. ‘सोपं काम’ हे शब्द ज्यानं उच्चारले त्याला मी आता जवळ उभं करत नाही.

इमारतीच्या सेक्रेटरीबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना सगळे मागून ‘नियमावली’ म्हणतात. पुढून म्हणायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

"सगळ्या घरांची दारं तपकिरी असली पाहिजेत. नियम चौदा," त्या म्हणाल्या. "तुमचं दार कुठल्या रंगाचं?"

"रंग उडालाय हो."

"मग मूळ रंग कुठला होता?"

"तोच उडालाय."

"म्हणजे नियमात बसत नाही. नगरपालिकेचं पत्र आणा, मग बघू."

नगरपालिकेच्या कचेरीत सहा नंबरच्या खिडकीवर ‘बांधकाम व फेरफार’ अशी पाटी होती. खिडकीमागच्या कारकुनाच्या चेहऱ्यावर जगातली सगळी बांधकामं आणि सगळे फेरफार पाहिल्याचा थकवा होता. त्यानं माझा अर्ज पुढे ओढला.

"नवीन दार बसवताय?"

"नाही. जुनं."

"म्हणजे दुरुस्ती."

"दुरुस्ती नाही. आत्ताचं दार काढून जुनं बसवायचंय."

"आत्ताचं खराब झालंय?"

"छे, उत्तम आहे."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "चांगलं दार काढून वाईट दार बसवताय?"

"वाईट नाही, वडिलोपार्जित."

"त्याला रकाना नाही." मग थोडं वाचून, "दाराचं वय?"

"शंभर-सव्वाशे असेल."

"इमारतीचं?"

"बावीस."

"म्हणजे इमारत नसताना दार होतं?"

"होतं."

तो उठून आत साहेबांकडे गेला आणि पंधरा मिनिटांनी परत आला. चेहरा उजळला होता. कारण त्याला आता एक नवा कागद मागता येणार होता. "साहेब म्हणतात, दार परदेशातून आलेलं दिसतंय. जकातीची पावती जोडा."

"सत्तर वर्षांपूर्वीची?"

"झेरॉक्स चालेल."

मी त्या खिडकीवर चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला माझा आवाज चढला, आणि रांगेतल्या एका आजीबाईंनी मला पाणी दिलं. चौथ्या फेरीला कारकून स्वतःच कंटाळला. त्यानं अर्जावर ‘अग्निशमन अधिकाऱ्यांनी समक्ष पाहणी करून ठरवावे’ असं लिहिलं आणि मला दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळा झाला.

इकडे घरी सुतारानं आमचं जुनं, म्हणजे नवीन, म्हणजे आत्ताचं दार काढलं, लहान चौकट ठोकली आणि "उद्या येतो" म्हणून गेला तो तीन दिवस फिरकलाच नाही. दुसरीकडे काम निघालं म्हणे. तीन दिवस आमच्या घराला दारच नव्हतं. लोक सरळ आत यायचे. पत्ता विचारणारे यायचे, पाण्याचा फिल्टर विकणारे यायचे. वरच्या मजल्यावरचे आजोबा मजला चुकून आमच्याकडे आले, टीव्हीसमोर बसले आणि अर्ध्या तासानं माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, आज भिंतीचा रंग वेगळा दिसतोय." दिवसभर कुणीतरी राखण करायला हवी म्हणून बायकोनं कचेरीतून सुट्टी घेतली आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली.

"तुमच्या पूर्वजांचं दार यायचं तेव्हा येईल," ती म्हणाली. "माझं मात्र गेलं."

यावर मी काही बोललो नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की काही ठिकाणी न बोलणं आपोआप जमतं.

शिवाय त्या लहान चौकटीतून जाताना येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचं डोकं आपटत होतं. माझ्या कपाळावर दोन टेंगळं आली. इंजिनिअरांचं डोकं एकाच सकाळी तीनदा आपटलं, तरी दर वेळी त्यांनी उंची नव्यानं मापली. बाबा मात्र उंचीनं बेताचे; ते न वाकता तालात आत-बाहेर करायचे आणि म्हणायचे, "बघ, मला लागत नाही. रक्तात असावं लागतं."

अग्निशमन अधिकारी आले ते याच दिवसांत. उंच, शिस्तीचे, हातात वही. त्यांनी चौकट पाहिली, मग डोकं आपटून घेतलं, मग पुन्हा पाहिली.

"आग लागली तर यातून स्ट्रेचर बाहेर जाईल?"

"जाईल की," इंजिनिअर म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"दाखवा."

स्ट्रेचर कुणाकडे असणार? इंजिनिअरांनी घरून घडीची खाट आणली. आता रुग्ण हवा. अधिकारी म्हणाले, सरासरी वजनाचा हवा. बायकोनं क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं. मी खाटेवर आडवा झालो. सुतार नेमका त्याच वेळी उगवला होता, त्यानं पायाकडची बाजू धरली, इंजिनिअरांनी डोक्याकडची. पाय गेले, कंबर जाता जाता राहिली. मग खाट तिरकी करायचं ठरलं. कुणी ठरवलं ते कळलं नाही, पण केली. माझा एक गाल चौकटीला, दुसरा फळीला आणि नाकासमोर सुतारानं अर्धवट ठोकलेला खिळा. त्या अवस्थेत खालून पार्सलवाला आला.

"साहेब, सही लागेल."

मी केली. माणसानं कितीही तिरक्या अवस्थेत असलं तरी दुसऱ्याचं काम अडवू नये.

"समजा तुम्ही बेशुद्ध असता तर?" अधिकाऱ्यांनी वरून विचारलं.

"तर फार बरं झालं असतं," मी खालून म्हणालो.

मला सोडवायला चौकटीची एक फळी काढावी लागली. अधिकारी वहीत काहीतरी खरडून जायला निघाले. आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात बाबा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्या अनोळखी माणसाला सगळं खरं सांगून टाकलं. पाहुण्यांना सांगायचे ते नव्हे. मला गॅलरीत सांगितलं होतं ते. पाच वर्षं, काही न आठवणं, वीस तारीख, सगळं. मी फळीचा भुसा झटकत बाजूला उभा होतो. मला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली. दोन्ही एकदम वाटलं की माणूस भुसाच झटकत राहतो.

अधिकाऱ्यांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "दार म्हणून मला हे मंजूर करता येणार नाही. पण जिन्यात रंगकामाची शिडी लावतात, सामान ठेवतात, त्याला आम्ही तात्पुरता अडथळा म्हणतो. त्याला मुदतीची परवानगी असते." आणि त्यांनी लिहिलं, ‘तात्पुरता अडथळा, एक नग, मुदत एकवीस दिवस.’

"माझ्या वाडवडिलांच्या दाराला अडथळा म्हणता?" बाबा उसळले.

"बाबा," मी त्यांच्या कानात म्हणालो, "एवढ्यावर भागतंय तर भागू द्या."

आता फक्त दार लटकवायचं राहिलं होतं. एकोणीस तारखेला संध्याकाळी सुतारानं बिजागऱ्या ठोकल्या, जुनी फळी काढली तिथे नवी बसवली, आणि वीस तारखेच्या सकाळी आमचं तिकडचं दार इकडच्या भिंतीत उभं राहिलं. खरं सांगतो, छान दिसत होतं. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "सोफा?"

दार बाहेर काढायला जागा हवी म्हणून सोफा पहिल्याच दिवशी जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवला होता. तो आता आत येऊ शकत नव्हता. इंजिनिअरांनी हिशेब करून सांगितलं की मधोमध कापला तर येईल. तोवर त्या सोफ्याची इमारतीला सवयही झाली होती. येणारेजाणारे त्याच्यावर दम खायला बसत. सेक्रेटरीबाईंनी ‘सार्वजनिक जागेत खासगी बैठक’ अशी नोटीस मला दिली, ती लिहिलीसुद्धा त्यांनी त्याच सोफ्यावर बसून.

आत्याची टॅक्सी अकराला यायची होती. दहा वाजता मी पाहिलं तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच दाराशी होते. बाहेर गेले, दार ओढलं, उघडलं, उंबरा ओलांडून आत आले आणि उभे राहिले. डोळे मिटले. मग परत बाहेर गेले, परत आत आले. असं तीनदा केलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही रे," ते म्हणाले. "काही नाही." आणि खिशातला रुमाल काढून कडी पुसायला लागले.

त्या क्षणी मला खिडकी नंबर सहा, टेंगळं, खाट, सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं. पण खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला.

आत्या तीन मजले चढली. एकेक पायरी, एकेक शिवी. गुडघ्यांना, जिन्याला, इमारत बांधणाऱ्याला. वर आली ती समोर दिसलेल्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "ही जिन्यात बसायची सोय मात्र चांगली केलीये हं." सेक्रेटरीबाईंनी छताकडे पाहिलं. त्याही आल्या होत्या. इंजिनिअर आले होते, स्वतःचं काम बघायला सुतार आला होता, मजला चुकणारे आजोबा मजला न चुकता आले होते.

बाबा दाराला हात टेकून उभे राहिले. "ताई," ते म्हणाले, "ओळख बघू."

आत्यानं पर्समधून चष्मा काढला. उठली, जवळ गेली. दारावर हात फिरवला. आतल्या बाजूची कडी वर केली, खाली केली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडते आहे, मी पाणी आणायला वळलो. ती हसत होती. हसत हसत मागे आली, सोफ्यावर कोसळली, आणि डोळे पुसत म्हणाली, "अरे धाकट्या, हे कुठून काढलंस? हे तर परसातल्या संडासाचं दार!"

जिन्यात कुणीही हललं नाही.

"मला वाटलंच होतं," सुतार भिंतीला म्हणाला.

"पण..." बाबांचा आवाज बारीक झाला. "पण बाबा तर म्हणायचे, आपल्या घरचं दार."

"मग? संडास काय शेजाऱ्यांचा होता? मोठं दार घराबरोबर गेलं. दोन माणसं लागायची ते लोटायला, ते कोण आणणार? निघायच्या दिवशी भांडी-अंथरुणं बांधायला खाली फळी हवी होती. कुठे मिळेना. बाबांनी परसात जाऊन हे बिजागरीतून उपटलं. घर घेणारा म्हणाला, खुशाल न्या, मी नवीन बांधणारच आहे. आणि इकडे आल्यावर टेबल कुठे होतं आपल्याकडे? चार विटांवर हे ठेवून वर्षभर आपण सगळे याच्यावर जेवलो."

"जेवलात?" माझी बायको म्हणाली.

"आईनं आधी तीनदा धुतलं होतं," आत्या म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

तिचं हसणं तसं संसर्गजन्य. इंजिनिअरांचे गाल फुगले, मजला चुकणारे आजोबा खदखदले, माझ्याही गळ्यापर्यंत हसू आलं होतं. मग मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात अजून दारावरच होता, पण आता तो कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखा. मला आत्याचा राग आला. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईनं एक वाक्य खोटं बोलायला काय हरकत होती? "हो रे, हेच ते दार," एवढंच तर म्हणायचं होतं.

"ताई," बाबा म्हणाले. "याच्या वर फट होती?"

"होती ना. हातभर. नाहीतर उजेड कुठून येणार?"

"दुपारी तिथून ऊन यायचं." बाबा दाराकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते. "समोरच्या भिंतीवर पट्टा पडायचा. त्यात मुंग्या चालायच्या. ओळीनं. मी मोजायचो."

आत्याचं हसू थांबलं. "मुंग्या होत्या?"

"होत्या. मोठ्या, काळ्या. मला कडी लावायची भीती वाटायची. अंधार असायचा ना. मग आई बाहेर उभी राहायची. हातातलं काम टाकून. मी आतून विचारायचो, ‘आहेस?’ ती म्हणायची, ‘आहे.’ थोड्या वेळानं परत विचारायचो. ‘आहे रे, आहे.’ आणि खाली, दाराच्या खालून, तिच्या पायाचा अंगठा दिसायचा." बाबांचे डोळे भरून वाहायला लागले होते आणि चेहरा असा काही फुलला होता, की तसा मी तो कधी पाहिला नव्हता. "अंगठा हलवायची ती. मुद्दाम. मला हसवायला."

"हे मला ठाऊक नाही," आत्या हळूच म्हणाली. "मी शाळेत असायचे तेव्हा." मग ती म्हणाली, "मला घर सगळं आठवतं रे. खोल्या, खिडक्या, खुंट्या. पण आई नुसती उभी आहे, असं कधी आठवतच नाही. सांग ना, अजून सांग."

बाबा वळले. ते आत गेले. दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. आम्ही सगळे बाहेर. घर त्यांच्या ताब्यात, आत्याच्या बॅगा जिन्यात, बायकोचा चहा आत गॅसवर.

"आता?" सेक्रेटरीबाईंनी मला विचारलं. त्यांच्याकडे यासाठी नियम नव्हता.

तेवढ्यात दारामागून आवाज आला.

"ताई, आहेस?"

आत्या उठली. गुडघ्यांना एकही शिवी न देता उठली. दाराजवळ गेली, पायातली चप्पल काढली आणि अंगठा दाराच्या खालच्या फटीपाशी सरकवला.

"आहे रे, आहे."

मग आतून हसण्याचा आवाज आला, पाच वर्षांच्या पोरासारखा, खुदखुदून. मग पुन्हा, "आहेस?"

"आहे!"

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा आत्याला हुंदका आला आणि बोलता येईना. म्हणून मी म्हणालो, "आहे, बाबा." माझ्या मागून बायको म्हणाली. मग इंजिनिअर, सुतार, मजला चुकणारे आजोबा आणि नियमावलीबाई, आम्ही सगळेच त्या संडासाच्या दारासमोर दाटीवाटीनं उभे राहून ओरडलो, "आहोत, आहोत!"